बिटकॉइनची सुरक्षित पेमेंट विनंती कशी रचावी

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात ग्राहक बिटकॉइनने पैसे देतोय असं धरा. त्याच्या वॉलेटमध्ये (बिटकॉइन ठेवण्या-पाठवण्याचं ॲप) नुसता पत्ता, म्हणजे पैसे कुठे जाणार ते सांगणारी अक्षर-अंकांची ओळ आली, तर तो दुकानाचा की वाटेत कोणी बदललेला, हे कळायला मार्ग नाही. क्लिपबोर्डवरचा पत्ता गुपचूप बदलणारं मालवेअर नेमका याचाच फायदा घेतं. म्हणून पेमेंट विनंतीवर, म्हणजे दुकान वॉलेटला पाठवतं त्या बिलावर, दुकानाची डिजिटल सही हवी आणि वॉलेटने ठळकपणे तपासलेलं डोमेन नाव दाखवायला हवं.

विनंतीत नेटवर्क (खरं की टेस्ट), पत्ता, रक्कम, वेळ, मुदत आणि ऑर्डर क्रमांक पुरे. रक्कम सातोशीत (बिटकॉइनचं सगळ्यात लहान एकक), पूर्णांकातच लिहा. 1 बिटकॉइन म्हणजे 10 कोटी सातोशी, तर 0.1 हा आकडा फ्लोटमध्ये (संगणकाची दशांश संख्या ठेवण्याची पद्धत) अचूक बसत नाही आणि हिशोब शेवटच्या अंकांत चुकतो. वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) द्या. पुण्यातल्या सर्व्हरने घड्याळातली वेळ तशीच यूटीसी म्हणून लिहिली, तर 15 मिनिटांची मुदत पावणेसहा तासांची होते आणि ग्राहक जुन्या दराने पैसे भरून मोकळा होतो.

सगळ्यात जास्त घोळ सहीत होतात. तपशील आधी बाइट्समध्ये बांधा, त्याच बाइट्सवर सही करा, तेच पाठवा. वॉलेटने ते उलगडून पुन्हा बांधले की प्रोटोबफमध्ये (माहिती बाइट्समध्ये बांधण्याची एक पद्धत) बाइट्स तेच येतील याची हमी नाही. मग खरी सहीसुद्धा खोटी ठरते. सही दुकानाचीच आहे हे सांगणाऱ्या प्रमाणपत्राची साखळी, तिची मुदत आणि डोमेन, तिन्ही तपासा. एकही चुकलं तर विनंती फेटाळा. ‘सही नाही असं समजून पुढे जा’ ही पळवाट ठेवली, तर चोर सही मुद्दाम बिघडवेल आणि काम साधेल.

उलगडण्याआधी आकार बघा. 2013 च्या बीआयपी 70 या बिटकॉइन पेमेंट विनंतीच्या मानकात विनंतीला 50,000 बाइट्सची मर्यादा होती, ती आजही योग्य वाटते. त्याच मानकाच्या प्रमाणपत्र तपासणीसाठी बिटकॉइन कोअर या वॉलेट सॉफ्टवेअरला ओपनएसएसएल ही सुरक्षेची लायब्ररी (तयार कोड) वापरावी लागली आणि तिच्यातला 2014 चा हार्टब्लीड हा सुरक्षा दोष त्यामुळे वॉलेटपर्यंत पोचला. लायब्ररी घेताना कंजूषपणा केलेला बरा, लागतील तेवढ्याच घ्या.

परताव्याचा पत्ता मात्र बीआयपी 70 मध्ये उघडाच राहिला होता: तो पैसे देणाऱ्यानेच दिला याचा पुरावा नव्हता. ज्या गुप्त किल्ल्यांनी (वॉलेटमधले सही करणारे गुप्त आकडे) पैसे खर्च केले, त्यांचीच सही परताव्याच्या पत्त्यावर आणि ऑर्डर क्रमांकावर घ्या. ईमेलवर आलेला ‘नवा पत्ता’ दुकानाने कधीच मानू नये.