सी मध्ये फाइल वाचणं आणि लिहिणं: कुठे काय तपासायचं

सी मधला फाइलचा प्रोग्रॅम चुकतो तेव्हा बहुतेक वेळा गुपचूप चुकतो. कंपायलर काही बोलत नाही, प्रोग्रॅमही नीट संपतो. फाइल मात्र रिकामी निघते, नाहीतर शेवटची ओळ दोनदा छापली जाते. काय झालं ते प्रत्येक फंक्शन आपल्या रिटर्न व्हॅल्यूमधून सांगत असतं. ती तपासायची की नाही, हे आपल्यावर सोडलेलं असतं. (फंक्शनची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत सलग लिहायची.)

फाइल उघडते एफओपन. तिला फाइलचं नाव आणि मोड (फाइल कशासाठी उघडायची ते) द्यायचा, दोन्ही दुहेरी अवतरणचिन्हांत. मोड एका अक्षराचा असला तरी एकेरी चिन्ह चालत नाही, कारण तिथे स्ट्रिंग लागते. "आर" फक्त वाचतो, आणि फाइल नसेल तर नल, म्हणजे कुठेच न दाखवणारा पॉइंटर, परत येतो. "डब्ल्यू" जपून वापरा: फाइल आधीपासून असेल तर उघडल्या क्षणी आतला मजकूर पुसला जातो, तुम्ही पुढे एक अक्षरही लिहिलं नाहीत तरी. जुनं ठेवून शेवटी भर घालायची असेल तर "ए". "आर प्लस" मध्ये वाचणं-लिहिणं दोन्ही जमतं, पण वाचल्यावर लगेच लिहायचं असेल तर मध्ये एफसीकसारख्या, फाइलमधली जागा ठरवणाऱ्या फंक्शनला बोलवावंच लागतं. सी११ पासून "डब्ल्यूएक्स" आहे, तो फाइल आधीच असेल तर उघडायला नकार देतो. महत्त्वाच्या डेटासाठी हाच बरा.

उघडल्यावर पहिलं काम म्हणजे पॉइंटर नल आहे का ते बघणं. नल असेल तर चुकीचं कारण छापणारी पीएरर बोलवा. फाइल सापडली नाही की परवानगी नाही, ते लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर कळतं. "फाइल तर समोर दिसतेय, मग उघडत का नाही?" याचं उत्तर बहुधा फोल्डरमध्ये असतं. नुसतं नाव दिलं की ते प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालतोय तिथे शोधलं जातं, सोर्स फाइल कुठे आहे याचा संबंध नाही. विंडोजवर आणखी एक सापळा आहे: पाथमधला बॅकस्लॅश दोनदा लिहिला नाही, तर 'टी' ने सुरू होणाऱ्या फोल्डरच्या नावातल्या त्या 'टी' च्या जागी टॅब तयार होतो. साधा फॉरवर्ड स्लॅश वापरला तरी विंडोजला चालतं.

ओळीओळीने वाचायला एफगेट्स. १०० बाइटचा बफर (वाचलेलं ठेवायची मेमरीतली जागा) दिलात तर ती जास्तीत जास्त ९९ बाइट वाचते, शंभरावी जागा शेवटच्या शून्याची. ओळीच्या शेवटचा बॅकस्लॅश-एन (ओळ संपल्याची खूण) ती बफरमध्येच ठेवते, त्यामुळे स्ट्रिंगची तुलना फसते. तो आधी काढून टाका. मजकूर यूटीएफ-८ मध्ये मराठी असेल तर एका देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना-मात्राही वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे ९९ बाइटमध्ये फार तर ३३ चिन्हं मावतात, आणि लांब ओळ एखाद्या चिन्हाच्या मधोमध तुटू शकते. बफर सढळ हाताने घ्या.

आता ती दोनदा छापली जाणारी ओळ. लूपच्या अटीत "एफईओएफ नाही तोवर" असं लिहिलेलं असतं; एफईओएफ फाइलचा शेवट गाठला का ते सांगते. तीन ओळींची फाइल घ्या. तिसरी ओळ बॅकस्लॅश-एनपर्यंत वाचून झाली, पण वाचन अजून फाइलच्या शेवटाला धडकलेलं नाही, म्हणून एफईओएफ शून्यच देते. लूप चौथ्यांदा आत शिरतो, एफगेट्स नल देते, बफरमध्ये मात्र तिसरी ओळ तशीच पडलेली असते आणि तीच पुन्हा छापली जाते. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर हा बग दिसतही नाही, म्हणून तो चाचणीतून निसटतो. एफगेट्सची रिटर्न व्हॅल्यूच लूपची अट करा: नल आला की थांबायचं. लूपनंतर चूक झाली का ते सांगणारी एफएरर बघितली की फाइल संपली की वाचताना बिघाड झाला, तेही कळतं.

एकेक बाइट वाचणाऱ्या एफगेटसीचं उत्तर इंट व्हेरिएबलमध्ये घ्या, कॅरमध्ये नको. कॅर साइन्ड (ऋण किमतीही धरणारा) असेल तर २५५ किमतीचा बाइट ईओएफसारखा, म्हणजे फाइल संपल्याच्या खुणेसारखा, दिसतो आणि वाचन अर्ध्यात थांबतं. अनसाइन्ड असेल तर लूप कधीच थांबत नाही. ठरलेल्या साच्यात किमती वाचणारी एफस्कॅनएफ किती किमती वाचल्या तो आकडा देते. आकड्याच्या जागी अक्षर आलं तर ती पुढे सरकत नाही आणि फक्त ईओएफची वाट बघणारा लूप अनंत फिरतो.

एफप्रिंटएफने लिहिलेलं आधी मेमरीतल्या बफरमध्ये जातं, डिस्कवर नंतर. मध्येच प्रोग्रॅम क्रॅश झाला तर बफरमधला भाग गेलाच. डिस्क भरल्याची चूकही कधीकधी थेट फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजला समजते, म्हणून लिहिलेल्या फाइलच्या एफक्लोजने शून्य दिलं का ते बघा. तोच पॉइंटर दोनदा बंद करू नका.

स्ट्रक्चर (एकत्र बांधलेल्या किमती) जसंच्या तसं साठवायला एफराइट आणि एफरीड आहेत, मोडमध्ये "बी" लावून. विंडोजवर "बी" विसरलात तर १० किमतीच्या प्रत्येक बाइटआधी १३ घुसतो आणि डेटा बिघडतो. एक कॅर आणि एक इंट असलेलं स्ट्रक्चर सहसा ५ ऐवजी ८ बाइट घेतं, कारण कंपायलर मध्ये रिकामी जागा सोडतो. ही रचना कंपायलरप्रमाणे बदलू शकते, म्हणून अशी फाइल दुसऱ्या मशीनवर न्यायची असेल तर एकेक फील्ड वेगळं लिहा. स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर असेल तर फाइलमध्ये फक्त पत्ता जातो, मजकूर नाही.

असलेली फाइल बदलायची असेल तर तिच्यावरच "डब्ल्यू" लावू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहा, एफक्लोज शून्य आलं की रिनेमने तिला मूळ नाव द्या. लिनक्सवर जुनी फाइल आपोआप बदलली जाते. विंडोजवर त्या नावाची फाइल असेल तर रिनेम अडतं, तिथे आधी जुनी हटवावी लागते.