लिफ्ट किट बसवल्यावर पिकअपचं व्हील अलाइनमेंट कसं जुळवायचं

कमी खर्चाचं लिफ्ट किट म्हणजे बहुतेक वेळा पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर एकत्र असलेल्या भागाच्या) डोक्यावर बसणारा स्पेसर आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगखाली एक ब्लॉक. गाडी उंच होते, पण कंट्रोल आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे दांडे) आणि टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारे दांडे) जुन्याच लांबीचे राहतात, फक्त आधीपेक्षा जास्त खाली झुकतात. त्यामुळे तिन्ही कोन हलतात: टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलीत), कॅम्बर (समोरून पाहता चाक किती झुकलंय; वरची कड आत असेल तर ऋण, बाहेर असेल तर धन) आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या रेषेभोवती वळतं ती वरून मागे किती झुकलीय). टो आणि कॅम्बर बिघडले तर टायर झिजून ते दिसतं. कॅस्टर कमी झाला तर टायरवर जवळजवळ काहीच दिसत नाही, पण वेगात गाडी भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. आणि नेमका हाच कोन बऱ्याचदा तसाच सोडला जातो: टो जुळवला, स्टिअरिंग सरळ केलं, गाडी दिली. लिफ्ट केलेल्या गाडीला एवढं पुरत नाही.

एक गोष्ट किट निवडतानाच पाहायची असते. स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असतो, त्यामुळे डोक्यावर बसणारा २५ मिमीचा स्पेसर गाडी सुमारे ५० मिमी उचलतो. ५० मिमी उंची हवी म्हणून ५० मिमीचा स्पेसर घातला तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा फिरता सांधा) आणि सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा सांधा) त्यांच्या मर्यादेपर्यंत ताणले जातात. मग अलाइनमेंट कितीही जुळवलं तरी आकडे जागेवर येत नाहीत.

मोजमाप घेण्याआधी

कंट्रोल आर्मचे रबरी बुश आतल्या-बाहेरच्या नळीला घट्ट चिकटवलेले असतात. ते फिरत नाहीत, पिळले जातात. आर्म हवेत लटकलेला असताना बोल्ट आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर बुश कायम पिळलेलाच राहतो. तो गाडीला वर ढकलतो, उंची खोटी दिसते आणि रबर लवकर फाटतं. म्हणून आर्मचे बोल्ट आधी फक्त हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे तीन-चार मीटर ढकला, बॉनेटवर जोर देऊन दोन-तीनदा दाबा आणि मगच कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा.

त्यानंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजा. डाव्या-उजव्या बाजूत ५-६ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो काढा. टॉर्शन बारची (कॉइल स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा असलेली) गाडी असेल तर बारचे बोल्ट फिरवून उंची हवी तशी लावता येते, पण दर वेळी उंची बदलली की तिन्ही कोन बदलतात. म्हणून उंची पक्की झाल्याशिवाय अलाइनमेंटला हात लावू नका.

बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं आणि व्हील बेअरिंग यांत खेळ आहे का तेही याच वेळी पाहा. चाक जॅकवर घेऊन वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. खेळ असलेल्या गाडीचं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात जातं. टायरची हवा चारही बाजूंना ठरल्याप्रमाणे भरा, आणि गाडीत नेहमी अवजारांचं किंवा कॅनॉपीचं वजन असेल तर ते काढू नका.

किती हवं

५० मिमीपर्यंत उचललेल्या, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या बहुतेक पिकअपना हे आकडे मानवतात: कॅस्टर किमान ३ अंश, टायर मोठे टाकले असतील तर ४ च्या आसपास, कॅम्बर शून्य ते उणे अर्धा अंश, दोन्ही चाकांचा मिळून टो-इन ०.१० ते ०.२० अंश. ७६० मिमी व्यासाच्या टायरवर हा टो-इन १.३ ते २.६ मिमी भरतो. डाव्या-उजव्या चाकांत कॅस्टर किंवा कॅम्बरचा फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवा. गाडी ज्या बाजूचा कॅस्टर कमी आणि कॅम्बर जास्त धन, त्या बाजूला ओढते.

मशीनवर काम करून घेणार असाल तर आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा आणि त्यात कॅस्टरची ओळ शोधा. कॅस्टर आणि कॅम्बर यांत निवड करायची वेळ आली तर कॅम्बर पाव अंश इकडे-तिकडे चालेल, पण कॅस्टर सोडू नका.

घरी कॅम्बर मोजायचा तर सपाट फरशीवर रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला ४०० मिमीची सरळ पट्टी टेकवा आणि तिच्याशेजारी ओळंबा सोडा. वर-खाली ७ मिमीचा फरक म्हणजे १ अंश. कोन दाखवणारी डिजिटल पाणसळ असेल तर काम आणखी सोपं. कॅस्टर थेट मोजता येत नाही. पुढची चाकं ग्रीस लावलेल्या दोन-दोन पत्र्यांवर ठेवा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर मोजा, मग २० अंश आत वळवून पुन्हा मोजा. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करा आणि उत्तराला १.५ ने गुणा. तो त्या चाकाचा कॅस्टर. धन-ऋण चिन्हं नीट सांभाळा. सगळी गडबड तिथेच होते.

कॅम बोल्ट फिरवणं

बऱ्याच पिकअपमध्ये खालच्या आर्मच्या पुढच्या आणि मागच्या बुशमध्ये कॅम बोल्ट (फिरवला की आर्म आत-बाहेर सरकवणारे बोल्ट) असतात. दोन्ही कॅम सारखे फिरवून आर्म बाहेर ढकलला की कॅम्बर ऋण बाजूला जातो, आत ओढला की धन बाजूला. कॅस्टर वाढवायचा तर पुढचा कॅम आत आणि मागचा कॅम बाहेर न्या: खालचा बॉल जॉइंट पुढे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. कॅम वरच्या आर्मला असतील तर सगळं उलट, कारण तिथे वरचा बॉल जॉइंट मागे न्यायचा असतो. फिरवण्याआधी कॅमची मूळ जागा रंगाने खूण करून ठेवा.

आधी कॅस्टर जवळपास आणा, मग कॅम्बर, मग पुन्हा कॅस्टर. दोन-तीन फेऱ्या होतातच. काही गाड्यांना कंपनीतून कॅम येतच नाहीत. तिथे कॅम किट वेगळं घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो गंजलेला कॅम बोल्ट. तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतो. नट सुटतो, पण बोल्ट फिरवला की बुशच पिळला जातो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही सुटला नाही तर जोर लावू नका. बोल्ट कापून नवा बोल्ट आणि नवा बुश टाकणं हाच उपाय. नव्या बोल्टच्या दांड्यावर अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारा लेप) लावा, म्हणजे पुढच्या वेळी हे भोगावं लागणार नाही.

दोन्ही कॅम शेवटापर्यंत नेऊनही कॅस्टर ३ अंशांपर्यंत येत नसेल तर कॅमचं काम तिथे संपलं. आता कॅस्टर आधीच वाढवून बनवलेला बाजारातला वरचा आर्म लागतो. उंची थोडी कमी करणं हाही प्रामाणिक पर्याय आहे, आणि बिनखर्चाचा.

पुढे सरळ अॅक्सल असेल तर कॅम्बर सहसा हलत नाही. कॅस्टर कमी होतो, आणि ट्रॅक बार (अॅक्सलला डावी-उजवीकडे जागेवर धरणारा दांडा) जास्त तिरका झाल्यामुळे अॅक्सल चेसिसला बार जिथे जोडलाय त्या बाजूला सरकतो. उपाय म्हणजे लांबी बदलता येणारे कंट्रोल आर्म आणि ट्रॅक बार. ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) आणि ट्रॅक बार समांतर राहिले पाहिजेत. नुसता खाली वाकलेला पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सवरचा, ड्रॅग लिंक हलवणारा आर्म) टाकून ट्रॅक बार तसाच ठेवला तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग झटका मारतं.

मागे ब्लॉक टाकला असेल तर त्याची पिन अॅक्सलवरच्या भोकात आणि पाट्यांची मध्यपिन ब्लॉकच्या भोकात नीट बसलीय का ते पाहा, नवे यू बोल्ट वापरा आणि चारही नट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा. अॅक्सल तिरकं बसलं तर गाडी सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी चालते आणि पुढचं कितीही जुळवलं तरी स्टिअरिंग वाकडंच राहतं. एकावर एक ब्लॉक कधीही नको.

टो शेवटी

कॅम हलले की टो हलतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग मधोमध आणा आणि पट्ट्याने बांधा. दोन्ही टायरच्या मध्यावर खडूने खूण करा, हबच्या उंचीवर समोरच्या बाजूला दोन खुणांमधलं अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा ढकला म्हणजे त्याच खुणा मागे येतात. तिथे पुन्हा मोजा. तीच खूण दोन्हीकडे वापरल्याने टायरचा वाकडेपणा आकड्यात शिरत नाही. समोरचं अंतर मागच्यापेक्षा कमी असेल तर टो-इन.

टाय रॉडचा लॉक नट आणि स्टिअरिंग रॅकच्या बूटची (रबरी आवरणाची) क्लिप सैल करा, नाहीतर बूट पिळून फाटतो. टाय रॉडचे आटे १.५ मिमीचे आणि नकलचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) स्टिअरिंग आर्म १५० मिमीचा असेल तर एका पूर्ण फेऱ्यात चाक अर्ध्या अंशाहून जास्त वळतं. म्हणून पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका, आणि दोन्ही बाजूंना सारखंच फिरवा. लॉक नट आवळताना टाय रॉड धरून ठेवा आणि आवळून झाल्यावर टो पुन्हा मोजा. तो जवळजवळ नेहमीच थोडा सरकलेला असतो.

किट बसवल्याच्या दिवशीच टो निदान जवळपास लावून घ्या, बिघडलेल्या टोने रस्त्यावर जाऊ नका. स्पेसरच्या किटमध्ये जुन्याच स्प्रिंग असतात, त्या फारशा बसत नाहीत. नव्या स्प्रिंग टाकल्या किंवा टॉर्शन बार फिरवले असतील तर काही शे किलोमीटर चालवून उंची पुन्हा मोजा आणि मगच शेवटचं अलाइनमेंट करा. त्याच वेळी स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणा, हेडलाइटचा झोत खाली घ्या आणि कॅम बोल्ट व यू बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा.