नाडी आणि चावीची रिंग घेऊन डीएनएची घडी समजून घ्या

डीएनएचं पॅकिंग म्हटलं की आपल्याला बहुतेक वेळा हिस्टोन नावाच्या प्रोटीनपर्यंतच शिकवतात. आठ हिस्टोन एकत्र येतात, त्यांच्याभोवती डीएनएचा 147 अक्षरांचा (म्हणजे बेसच्या जोड्यांचा) धागा जवळपास पावणेदोन वेढे घेतो आणि माळेसारखे मणी तयार होतात. ते बरोबरच आहे, पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे, कारण या माळेला फास पडतात आणि कुठला फास कुठे पडणार त्यावर कुठला जीन चालू होणार हे बरंचसं ठरतं. माझ्या पुतणीला आकृत्या दाखवून काही समजेना, शेवटी परकराची नाडी घेतली आणि दहा मिनिटांत तिच्या डोक्यात बसलं, म्हणून तीच पद्धत इथे देतेय.

साहित्य : 2 मीटर सुती नाडी, चावीची छोटी रिंग, कपड्यांचे चार चिमटे, चिकटवायला कागदी बाण, आणि लाल, हिरवा, निळा दोरा. माणसाच्या एका पेशीत सगळा डीएनए मिळून साधारण 2 मीटरच असतो, पण आपली नाडी म्हणजे तो सगळा नाही, त्यातला फक्त 10 लाख अक्षरांचा तुकडा धरा. म्हणजे 1 सेंटीमीटर = 5000 अक्षरं, आणि तेवढ्यात 25 एक मणी बसलेत असं समजा, ते काही आपण ओवत बसायचं नाही.

आता खुणा करा. नाडीच्या डाव्या टोकापासून 25 सेंटीमीटरवर हिरवा दोरा बांधा, हा एन्हान्सर, म्हणजे लांबून जीन चालू करणारं बटण. 115 वर लाल, हा त्याचा हक्काचा जीन. 165 वर निळा, हा शेजारचा जीन ज्याचा या बटणाशी काही संबंध नसायला हवा. मग 20, 120 आणि 170 वर एकेक चिमटा लावा, हे सीटीसीएफ, म्हणजे फासाला अडवणारं प्रोटीन. प्रत्येक चिमट्यावर एक कागदी बाण चिकटवा. 20 च्या बाणाचं टोक उजवीकडे, बाकी दोघांचं डावीकडे. चौथा चिमटा 95 वर, पण याचा बाण उजवीकडे. बाणात गडबड करू नका, सगळा खेळ त्यावरच आहे.

रिंग म्हणजे कोहेसिन, फास ओढणारं प्रोटीन. 70 च्या खुणेवर नाडी चिमटीत धरा, दुमडलेलं टोक रिंगमधून बाहेर काढा आणि हळूहळू ओढत राहा, दोन्ही बाजूंची नाडी आत सरकतेय आणि फास मोठा होतोय. नियम एकच, समोरच्या चिमट्याचा बाण रिंगकडे तोंड करून असेल तर थांबायचं, पाठ करून असेल तर चिमटा काढून रिंग पुढे न्यायची आणि चिमटा परत लावायचा. म्हणून 95 चा ओलांडला जातो, आणि 20 अन् 120 चे दोन्ही चिमटे रिंगपाशी येऊन टक्कन एकमेकांना भिडतात. आता बघा, हिरवा आणि लाल दोरा अगदी शेजारी आलेत, कुणी कुणाला शोधत गेलं नाही! 2014 मध्ये माणसाच्या पेशींचा बारीक नकाशा काढला तेव्हा सुमारे 10,000 फास सापडले आणि ज्यांच्या बाणांची दिशा कळली त्यातले 90 टक्क्यांहून जास्त असेच, बाण समोरासमोर असलेले होते. खरं कोहेसिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून हे ओढतं, 2019 मध्ये काचेवर ते प्रत्यक्ष दिसलं, वेग सेकंदाला साधारण 500 ते 1000 अक्षरं. म्हणजे आपला 5 लाख अक्षरांचा फास व्हायला 8 ते 17 मिनिटं. (एक मात्र लक्षात ठेवा, धातूची रिंग हे फक्त समजायला आहे, खरं कोहेसिन स्वतःपेक्षा कितीतरी मोठे कणही ओलांडून जातं, त्यामुळे नाडी ओवल्यासारखं ते नक्कीच नाही.)

आता 120 चा चिमटा काढून टाका आणि ओढत राहा. डावी बाजू 20 वर अडकलीय, उजवी थेट 170 पर्यंत येते आणि हिरव्याच्या शेजारी आता निळा! हे नुसतं खेळण्यातलं नाही हो. 2015 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी हातापायाची बोटं जन्मतः आखूड असलेल्या कुटुंबांत हेच दाखवलं, ईपीएचए4 जीनजवळची सीमा, म्हणजे आपल्या 120 च्या चिमट्यासारखी अडवणारी खूण, डीएनएमधून गळाली होती आणि त्याची बटणं शेजारच्या पॅक्स3 ला चालू करत होती. उंदरात तसाच तुकडा कापल्यावर बोटं बिघडली, पण सीमा शाबूत ठेवून कापलं तर बिघडली नाहीत. मला हा भाग सांगताना अजूनही काटा येतो, कारण जीन धडधाकट, बटण धडधाकट, फक्त मधली खूण गेली.

मग रिंग काढून टाका, नाडी सरळ. पेशीत हे काम डब्ल्यूएपीएल नावाचं प्रोटीन करतं. 2017 मध्ये पेशींतून कोहेसिनच काढून घेतलं तर फास गेले, परत येऊ दिलं तर तासाभराच्या आत पुन्हा तयार.

शेवटी 120 चा चिमटा जागेवर लावा आणि या वेळी 70 ऐवजी 40 पासून सुरुवात करा. डावी बाजू लवकर अडकेल, उजवीच ओढत राहा. 20 आणि 95 च्या मधे कुठूनही सुरू केलंत तरी शेवटी 20 आणि 120 च भेटतात, दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून स्वतः करून बघा.