फॉर्मिक ॲसिडमधून हायड्रोजन: आधी ब्युरेट नीट वाचायला शिका

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची एमएस्सी झालेली मुलं पीएच.डी.चा विषय शोधताना हायड्रोजनबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फॉर्मिक ॲसिडमधून हायड्रोजन काढण्याचं काम आपल्याकडच्या साध्या लॅबमध्येही उभं राहतं, असं माझं ठाम मत आहे. उच्च दाबाचा रिॲक्टर लागत नाही. फ्लास्क, स्टरर, वॉटर बाथ आणि गॅस ब्युरेट, म्हणजे जमलेल्या वायूचं आकारमान मोजायची पाणी भरलेली खुणांची नळी, असली की सुरुवात होते.

फॉर्मिक ॲसिडमध्ये वजनाच्या ४.४ टक्के हायड्रोजन असतो. योग्य उत्प्रेरक मिळाला तर खोलीच्या तापमानालाही त्याचं हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होतं. प्रक्रिया दुसऱ्या वाटेने गेली, तर पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड. हा मोनॉक्साइड हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमधल्या प्लॅटिनमचा शत्रू, थोडासाही चालत नाही. म्हणून पहिल्याच वाटेने नेणारा उत्प्रेरक हवा, आणि सगळी धडपड पॅलेडियमच्या नॅनोकणांवर, जोडीला चांदी किंवा सोनं.

कण बनवणं अवघड नाही. पॅलेडियमच्या क्षाराच्या द्रावणात बर्फाच्या पाण्यात ताजं केलेलं सोडियम बोरोहायड्राइड थेंबथेंब सोडा, द्रावण बघता बघता काळं पडतं. खरी काळजी पुढे घ्यायची. बोरोहायड्राइड स्वतःच पाण्यात हायड्रोजन सोडतं. धुण्यात कसर राहिली तर तोच वायू तुमच्या खात्यात जमा होतो. ॲसिड घालण्याआधी ब्लँक घ्या, म्हणजे नुसता उत्प्रेरक पाण्यात ढवळून बघा. बुडबुडे यायला नकोत. आणि कण कार्बनच्या भुकटीवर बसवले असतील तर तो धुतलेला पॅलेडियम-कार्बन फिल्टरवर कोरडा पडू देऊ नका. हायड्रोजन शोषलेला असेल तर हवा लागताच तो पेट घेतो.

आता ब्युरेट. १ मिली शुद्ध ॲसिड पूर्ण मोडलं तर २५ अंशांना सुमारे १.३ लिटर मिश्रवायू मिळतो, त्यातला निम्मा हायड्रोजन. पण आपल्याकडे मे महिन्यात लॅबमधलं पाणीच ४२ अंशांवर जातं. तेव्हा ब्युरेटमधल्या वायूत ८ टक्क्यांच्या आसपास नुसती वाफ असते, वर वायू प्रसरण पावलेला. पुस्तकातला २५ अंशांचा आकडा तसाच लावला तर उत्पादन जवळपास १५ टक्के फुगतं. रूपांतर १०० टक्क्यांच्या वर गेलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत, आणि मुलं ते उत्प्रेरकाचं यश समजून खूश असतात! प्रत्येक रीडिंगशेजारी पाण्याचं तापमान लिहा, त्या तापमानाचा पाण्याच्या वाफेचा दाब (बाष्पदाब) वजा करा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, म्हणून ब्युरेटमध्ये आम्लयुक्त संपृक्त मिठाचं पाणी भरा. मोनॉक्साइड नाही हे मात्र जीसीशिवाय (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) म्हणू नका.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची घाई नको. तोच उत्प्रेरक धुऊन चार-पाच वेळा वापरून बघा. वेग पडत गेला तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या (महागड्या उपकरणांवर बाहेरच्यांचे नमुने तपासून देणारं केंद्र) सुविधेकडे वापराआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नमुने पाठवा. कण एकमेकांना चिकटून मोठे झालेत का, हे दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावरच दिसतं.