मेंदूवर काम करायचंय? आधी कोलेस्टेरॉल शिका

धुळे-जळगावकडची एम.एस्सी.ची मुलं भेटली की हमखास विचारतात, "डिमेन्शियावर (स्मृतिभ्रंशावर) संशोधन करायचंय, न्यूरोसायन्स कुठे शिकू?" मी म्हणते, मेंदू नंतर, आधी रक्तातली चरबी नीट समजून घ्या. जळगावला एम.एस्सी. करताना लायपोप्रोटीनचं, म्हणजे रक्तातून चरबी वाहून नेणाऱ्या कणांचं प्रकरण सगळ्यांनी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पुढे पीएच.डी.त तेच रोज कामाला आलं.

कारण एपीओई. १९ व्या गुणसूत्रावरचं हे जनुक चरबी वाहून नेणारं प्रथिन बनवतं. त्याचं ई-४ हे रूप उतारवयात होणाऱ्या अल्झायमरमध्ये (डिमेन्शियाचा एक प्रकार) जास्त आढळतं, हे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. याच रूपामुळे एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलही वाढतं आणि हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा धोकाही. प्रथिनातल्या ११२ आणि १५८ या दोन जागी कोणतं अमिनो आम्ल आहे, एवढ्यावर ई-२, ई-३, ई-४ ठरतं. हे मात्र झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

दुसरा दुवा रोगप्रतिकारशक्तीचा, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. धमनीच्या भिंतीतल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी कोलेस्टेरॉल गिळून फुगतात, त्यातूनच धमनीतली चरबीची गाठ वाढते. मेंदूत मायक्रोग्लिया हे त्यांचेच भाऊबंद. २०१३ मध्ये अल्झायमरशी जोडलं गेलेलं ट्रेम-२ जनुक मायक्रोग्लियात काम करतं आणि धमनीतल्या चरबीभरल्या मॅक्रोफेजमध्येही सापडतं. २०१७ ची कँटोस चाचणी जरूर वाचा. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांमध्ये इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रथिन अडवणारं औषध दिलं. एलडीएल हललं नाही, तरी पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण घटलं. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. दाह अडवण्याची किंमत तिथे दिसते.

आता प्रत्यक्ष काम. यासाठी मोठी लॅब लागत नाही. जीवॅस, म्हणजे हजारो लोकांचे जनुक तपासून आजाराशी जोडलेल्या जागा शोधणाऱ्या अभ्यासांचा समरी डेटा (एकत्रित निकाल) फुकट उतरवता येतो, आर आणि प्लिंक ही सॉफ्टवेअरही फुकट आहेत. शिरपूर-शहाद्यात बसूनही सुरुवात होते. हृदयरोग आणि डिमेन्शिया या दोन आजारांचा जनुकीय संबंध काढला, की एपीओईचा भाग वगळून तेच गणित पुन्हा चालवा. त्या एका जागेचा जोर इतका असतो, की बाकी जनुकांचं म्हणणं ऐकूच येत नाही. आणि जगण्याचा हिशेब धरा: जो साठीत हार्ट अटॅकने गेला, तो डिमेन्शियाच्या वयापर्यंत पोहोचलाच नाही. हे सुटलं तर हृदयरोग डिमेन्शियापासून वाचवतो, असलं भलतंच उत्तर हाती येतं.

हा डेटा बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे, याची मला मनापासून खंत आहे. आपल्या माणसांची माहिती गोळा व्हायला हवी आणि ते काम आपली बोली येणाराच चांगलं करील. चोपड्याकडच्या एका घरी आजोबा नातवाला विचारत होते, "तू कोना पोऱ्या शे?" (तू कोणाचा मुलगा?) घरचे म्हणाले, वय झालं. सुनेशी अहिराणीत बोलल्यावर कळलं की बीपीची गोळी कधीच बंद झाली होती आणि मागे एकदा तोंड वाकडं झालं होतं, म्हणजे पक्षाघाताचा संशय. फॉर्मवर यातलं काही नव्हतं. शाळा न पाहिलेल्या माणसाला शंभरातून सात वजा करायला लावून स्मृती मोजू नका. हरियाणातल्या बल्लभगढमधल्या निरक्षर वृद्धांसाठी बेतलेली हिंदी चाचणी आहे, तिची रचना अभ्यासा.

घरचे हटकून विचारतील, "आम्हालाही होईल का?" ई-४ असलेल्या कित्येकांना डिमेन्शिया होत नाही आणि नसलेल्यांना होतो, हे स्पष्ट सांगा. बीपी, साखर तपासायला पाठवा.

सीएसआयआर-नेटची (संशोधन फेलोशिपच्या परीक्षेची) तयारी चालू ठेवा. बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा कर्नाटकातल्या श्रीनिवासपुरातल्या ग्रामीण लोकांवरचा दीर्घ अभ्यास बघून ठेवा. गाईड निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: डेटा कोणत्या लोकांचा आहे आणि संख्याशास्त्र शिकवायला गटात कोण आहे?