मोफत गेम खेळणाऱ्या मुलांना जाहिरातींपासून कसं वाचवायचं

मूल मोफतच्या गेम साइटवर खेळतंय म्हटलं की दोन सल्ले ठरलेले असतात. एक, फोन हातातच देऊ नका. दोन, अ‍ॅड ब्लॉकर टाका आणि निश्चिंत व्हा. पहिला सल्ला आता टिकत नाही, शाळेचा गृहपाठच व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. दुसरा अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कोणी धड बोलत नाही म्हणून हे लिहितेय. नात्यातल्या, बिल्डिंगमधल्या बऱ्याच मुलांचे फोन आणि टॅब मी लावून दिलेत, त्यामुळे कुठे अडतं ते पाठ झालंय.

आधी एवढं लक्षात घ्या. जाहिरात नुसती दिसली तर गेमवाल्याला अगदी थोडे पैसे मिळतात, कोणी दाबली तर जास्त, आणि त्यातून अ‍ॅप इन्स्टॉल झालं तर त्याहून जास्त. बंद करायची फुली एवढीशी आणि फिकट का असते, कोपऱ्यात उशिरा का उगवते, त्याचं कारण हे आहे. मोठ्या माणसाचं बोटही तिथे नीट पडत नाही, मग सात वर्षांच्या मुलाला "बघून दाब ना" म्हणून ओरडण्यात काही अर्थ नाही.

1. मुलाला तुमच्या खात्यावर खेळू देऊ नका. गूगल फॅमिली लिंकवर (मुलांच्या फोनवर पालकांना लक्ष ठेवता यावं म्हणून असलेली गूगलची सोय) त्याचं वेगळं खातं काढा आणि वय खरं टाका, वय वाढवून टाकलंत की मोठ्यांच्या जाहिराती तुम्हीच घरात बोलावल्यात.

2. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायला लावा. यूपीआयचा पिन मुलाला माहीत असेल तर आजच बदला.

3. अँड्रॉइड 9 किंवा पुढचं असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात "प्रायव्हेट डीएनएस" सापडेल. तिथे family.adguard-dns.com असं टाका (सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नको). पैसे लागत नाहीत, वेगळं अ‍ॅप लागत नाही, आणि गेममधल्या बऱ्याच जाहिराती तिथल्या तिथे थांबतात. एखाद्या बाहेरच्या वायफायवर नेट चालेना झालं तर तेवढ्यापुरतं बंद करायचं.

4. ब्राउझरमधल्या गेमसाठी फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा ब्लॉकर टाका, फोनवरही चालतो. आणि नोटिफिकेशन सगळ्या साइटसाठी बंदच ठेवा. "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा" असं सांगून परवानगी काढून घेतात, मग साइट बंद केली तरी रात्री अकराला फोनवर पत्ते खेळायच्या नि बक्षिसांच्या जाहिराती येत राहतात, आणि घरच्यांना वाटतं व्हायरस आला.

इथवर अर्धा तास. आता पुढचं.

5. मुलाला जाहिरात ओळखायला शिकवणं. प्रत्येक लेखात ही एक ओळ असते आणि पुढे काही नसतं. मला स्वतःला हेच जमायला सगळ्यात वेळ लागला, आणि हे टाळून चालत नाही, कारण ब्लॉकर सगळं अडवत नाही. गेमच्या आतच बसवलेली जाहिरात त्याला दिसत नाही, आणि शेजारच्या मित्राच्या फोनवर तर तुमचा ब्लॉकर नसतोच.

टीव्हीवरची जाहिरात मूल पटकन ओळखतं, कारण कार्यक्रम थांबतो, आवाज बदलतो. गेममधली जाहिरात गेमसारखीच दिसते, तिच्यात बोट फिरवता येतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, 2004 मध्येच सांगितलं होतं की साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा विकायचा हेतू कळत नाही, आणि ते मुख्यतः टीव्हीबद्दल होतं. 2018 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान मुलांची 135 अ‍ॅप तपासली, त्यातल्या 95 टक्क्यांत कुठल्या ना कुठल्या प्रकारची जाहिरात निघाली.

माझी भाची केक सजवायचा गेम खेळत होती. लेव्हल संपली आणि स्क्रीनवर एक कुत्र्याचं पिल्लू आलं, खड्ड्यात अडकलेलं, पाणी चढतंय, समोर दोन खिळे, एक ओढायचा. तिने बरोबर खिळा ओढला. पाणी चढतच राहिलं, पिल्लू केविलवाणं ओरडत राहिलं, आणि प्ले स्टोअर उघडलं. ती मागे आली, परत ओढला, परत तेच. मी म्हटलं अगं जाहिरात आहे ती. तर म्हणते, "हो मावशी, पण ते बुडतंय ना."

म्हणजे "ही जाहिरात आहे" हे तिला माहीत होतं, त्याने काही फरक पडत नव्हता. मग मी विचारलं, तू बरोबर ओढलास तरी पिल्लू वाचत का नाही? तिला वाटत होतं आपलंच चुकतंय. प्ले स्टोअरचं पान उघडून आम्ही त्या गेमचे फोटो पाहिले. पिल्लू नाही, खड्डा नाही, नुसते रंगीत ठोकळे जुळवायचे. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ते मला जिंकूच देणार नव्हते." हे एकदा तिच्या तोंडून आलं आणि पुढच्या तशा सगळ्या जाहिराती तिने स्वतः पकडल्या. माझं ठाम मत आहे की मुलाला "हे खोटं आहे" सांगायचं नाही, जाहिरातीतला गेम आणि खरा गेम शेजारी शेजारी दाखवायचा, बस.

हे करायची पद्धत अशी. मुलाच्या शेजारी बसा, समोर नाही, आणि फोन त्याच्याच हातात राहू द्या. पहिली थोडी मिनिटं काही बोलू नका. मग विचारा, यातला गेम कुठला आणि जाहिरात कुठली, बोट न टेकवता दाखव. गेमच्या चौकटीभोवती मोठ्ठं हिरवं "प्ले" किंवा "डाउनलोड" बटण असतं ते हमखास चुकतं. काही जाहिरातींत चित्रावरच खोटी फुली काढलेली असते, काहींत केस किंवा धुळीचा कण काढलेला असतो, म्हणजे पुसायला बोट लावलं की जाहिरात उघडली. हे मुलांना दाखवलं की त्यांना भयंकर राग येतो, आणि तो राग उपयोगी आहे.

आमच्याकडचा नियम एकच: आपण न बोलावलेलं काहीही स्क्रीनवर आलं की आधी बोट मागे. ब्राउझर असेल तर फुली शोधत बसायचं नाही, सरळ टॅब बंद करायचा. अ‍ॅप असेल तर जाहिरात संपू द्यायची, प्ले स्टोअर उघडलंच तर मागे यायचं. "इन्स्टॉल" फक्त मोठं माणूस दाबणार.

"जाहिरात बघ, लाइफ घे" हा प्रकार मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण तिथे मूल स्वतःहून जाहिरात मागतं. बरेच जण म्हणतात तीस सेकंदांनी काय बिघडतं. बिघडतं, कारण लाइफ मुद्दाम त्याच जागी संपते जिथे जिंकायला थोडंसंच राहिलेलं असतं. माझा नियम, लाइफ संपली की आजचा तो गेम संपला. सुरुवातीला रडारड होईल, होऊ द्या. मग मुलं ऐकतात, कारण थांब असं तुम्ही म्हणत नाही, गेमच म्हणतोय.

आणि ज्या गेममध्ये वेगळी जाहिरात दिसतच नाही तिथे जास्त सावध राहा. जनरल मिल्स ही अमेरिकेतली कॉर्नफ्लेक्ससारखे नाश्त्याचे पदार्थ विकणारी कंपनी, तिने 2004 ते 2010 मिल्सबेरी नावाचं अख्खं ऑनलाइन गाव मुलांसाठी मोफत चालवलं होतं. अशा गेममध्ये बंद करायला फुली नसतेच, कारण गेम हीच जाहिरात. खेळून झाल्यावर मुलाला सहज विचारा, यात कुठल्या वस्तूचं नाव होतं? बिस्किटाचं नाव चटकन आलं तर तिथूनच बोलायला सुरुवात करा.

दोन गोष्टी मात्र करू नका. "दाबलंस तर फोन हॅक होईल" अशी भीती घालू नका, आणि चुकून दाबलं म्हणून रागावू नका. एकदा रागावलात की पुढच्या वेळी मूल सांगणार नाही, आणि पैसे गेल्याचं तुम्हाला बँकेच्या मेसेजवरून कळेल.

6. खेळायला चांगल्या जागा आहेत. बुद्धिबळासाठी लीचेस, स्वतः गेम बनवायला स्क्रॅच, अगदी लहानांसाठी जीकॉम्प्री, तिन्ही मोफत आणि जाहिरात नाही. बाकी एखादा गेम मूल रोज खेळत असेल आणि त्याची जाहिरात नसलेली आवृत्ती शंभर-दोनशे रुपयांत एकदाच घ्यायची असेल तर घेऊन टाका. ब्लॉकर बंद करा म्हणून अडून बसणारी साइट सोडून द्या.

7. तक्रार करा, खरंच करा. ब्रिटनमध्ये 2020 साली लोकांच्या तक्रारींवरून होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स या मोबाइल गेमच्या दोन जाहिरातींवर तिथल्या जाहिरात नियामकाने बंदी घातली, कारण जाहिरातीतला खेळ खऱ्या खेळाशी जुळत नव्हता. आपल्याकडे 2023 च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवून दाबायला लावणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांच्या, सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत 13 प्रकार दिलेत, त्यात वेश बदललेली जाहिरातही आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंदी आलीय, तरी मुलाला तसली दिसली तर स्क्रीनशॉट काढा, साइटचा पत्ता आणि वेळ लिहा, आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे एएससीआयकडे पाठवा. डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात 18 वर्षांखालच्यांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे, दंड 200 कोटींपर्यंत, पण त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना तिथून 18 महिन्यांची मुदत आहे, म्हणून त्याच्या भरवशावर वरच्या पायऱ्या पुढे ढकलू नका.

पैसे गेलेच असतील तर प्ले स्टोअरमधल्या खरेदीचा परतावा 48 तासांच्या आत मागा, उशीर झाला की गेम बनवणाऱ्याच्या मागे लागावं लागतं. मोबाइलच्या बॅलन्समधून रोज थोडे थोडे कापले जात असतील तर 155223 वर फोन करून चालू असलेली सेवा बंद करून घ्या.