ठाण्याहून वीकेंडला मुंबईची म्युझियम्स बघायची तर

घरी पाहुणे आले की मुंबई दाखवायचा प्लॅन ठरतो आणि एकाच रविवारात राणीबाग, म्युझियम, गेटवे, चौपाटी सगळं कोंबलं जातं. मीपण हेच केलं होतं. नाशिकहून ताई आणि तिची दोन मुलं आलेली, फोर्टच्या म्युझियमला पोचेपर्यंत साडेचार वाजून गेले, सहाला बंद होतं, मुलं खालच्या पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशीच रमली आणि ताईला जी लघुचित्रं बघायची होती ती राहूनच गेली. ते मला अजून लागून राहिलंय, म्हणून आता कोणी येणार असलं की मी आधीपासून नीट ठरवते.

आपण ठाणे, कळवा, नवी मुंबईवाल्यांनी सगळ्यात आधी बघायचा तो रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास लोकलचं वेळापत्रक बदलतं तो. आदल्या दिवशी पेपरात, रेल्वेच्या पेजवर येतो, साधारण अकरा ते चारच्या मधे असतो. मेनलाइनवर गाड्या बंद नसतात, फास्टच्या गाड्या स्लोवरून जातात, म्हणून अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरायचा. पण हार्बरला ब्लॉक असला तर कधीकधी तेवढ्या पट्ट्यात लोकलच नसते, मग वाशी-नेरूळवाल्यांनी ट्रान्सहार्बरने ठाण्याला येऊन मेनलाइन पकडलेली बरी. त्यामुळे माझं साधं गणित आहे, मोठं म्युझियम शनिवारी, जवळचं रविवारी, आणि एका दिवशी मोठं एकच.

मोठं म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात ते. सव्वादहाला उघडतं. तिकीट त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर आदल्या रात्रीच काढून ठेवा, दुसऱ्या कुठल्या साइटवर नको, आणि मुलांचं शाळेचं ओळखपत्र सोबत घ्या कारण विद्यार्थ्यांचा दर वेगळा असतो. तिकीट खिडकी म्युझियमच्या आधी बंद होते हे विसरू नका. मोठ्या बॅगा बाहेर ठेवाव्या लागतात, म्हणून एकच छोटी पिशवी न्या.

आत गेल्यावर लहान मुलं असतील तर उलटं करा, म्हणजे आधी वरच्या मजल्यावरची लघुचित्रं आणि शस्त्रं बघून घ्या, अकबराचं 1581 सालचं पोलादी चिलखत तिथे आहे, आणि प्राणी-पक्षी शेवटी, नाहीतर आमच्यासारखं होतं. सिंधमधल्या मीरपूर खासचा मातीचा बुद्ध मात्र चुकवू नका, मी दरवेळी त्याच्यापुढे थांबते. इमारत पण बघण्यासारखी आहे, 1914 ला बांधून झाली पण पहिल्या महायुद्धात तिथे हॉस्पिटल होतं म्हणून लोकांसाठी उघडली ती थेट 1922 ला. तीन तास तरी लागतातच. जेवणाचं आधी बघून ठेवा, फोर्टातली ऑफिसवाल्यांची बरीच हॉटेलं रविवारी बंद असतात, शनिवारी तेवढा त्रास नाही. दम असेल तर समोरच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिकीट नाही, अर्ध्या तासात होते.

रविवारी भायखळा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 चं, राणीबागेलाच लागून. इथे सगळ्यांची फसगत होते ती अशी, की राणीबागेतल्या पेंग्विनसाठी लागलेल्या लांब रांगेत आपण पण उभे राहतो, पण म्युझियमचं तिकीट वेगळं आहे, फक्त म्युझियमच बघायचं असेल तर गेटवर आधी विचारून घ्या. दहाला उघडतं, ठाण्याहून नऊच्या आसपासची फास्ट घेतली तर ब्लॉकच्या आधी पोचता, फास्ट भायखळ्याला थांबते. नवी मुंबईवाल्यांनी कुर्ल्याला बदलायचं. आत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, कोण कसं पागोटं बांधायचं, काय धंदा करायचं, आईसारख्या वयस्कर माणसांना मी आधी तिथेच नेते. बाहेर बागेत दगडी हत्ती आहे तो घारापुरीचा, त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा नाव पडलं.

घारापुरी मात्र म्युझियमच्या दिवशी जोडू नका, बोटीलाच तासभर, मग पायऱ्या, तिला पूर्ण दिवस द्या.

सोमवार जोडून सुट्टी आली असेल तर लक्षात ठेवा, घारापुरी आणि काळाघोड्याची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट सोमवारी बंद असतात. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद.

येताना शनिवारी सीएसएमटीवरूनच गाडीत बसा, गाडी तिथूनच सुटते म्हणून बसायला मिळतं, मुलं खिडकीशी झोपून जातात आणि ठाणं आलं की उठवायचं.